कानाच्या नावाची बुरशी

अतिदक्षता विभागात एखादा वृद्ध आप्त दोन-तीन आठवडे राहतो, मूळ दुखणे आटोक्यात येत आहे असे वाटू लागते, आणि एके दिवशी अचानक पुन्हा ताप चढतो. डॉक्टर रक्त तपासणीस पाठवतात आणि दोन-तीन दिवसांनी बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना सांगतात की, रक्तात फंगस सापडले आहे. हे ऐकून बहुतेक माणसे गोंधळून जातात. बुरशी म्हणजे पावसाळ्यात लोणच्यावर किंवा कपाटातील चामड्याच्या चपलांवर येणारी वस्तू; फार तर नायट्यासारखी कातडीवर पसरणारी. ती रक्तात कशी जाईल? माझ्या परिचयातील कुटुंबांकडून हा प्रश्न मला गेल्या काही वर्षांत एकाहून अधिक वेळा विचारला गेला. मी वैद्य नाही. आयुष्य बँकेत ताळेबंद वाचण्यात गेले. तथापि आकडे वाचण्याची सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही, आणि या विषयावर प्रसिद्ध झालेले आकडे असे आहेत की ते व्यापारी घरांतील कर्त्या माणसांनी एकदा डोळ्यांखालून घालावेत असे मला वाटते.

प्रथम यीस्ट म्हणजे काय ते पाहू. बुरशीच्या विशाल कुळात काही सभासद धाग्यांसारखे वाढतात, तर काही एकेका सुट्या पेशीच्या रूपात राहतात. या एकपेशीय बुरशीला यीस्ट म्हणतात. पावाचे पीठ फुगवणारे खमीर हे तिचे सर्वांत ओळखीचे रूप. कँडिडा ही यीस्टची एक प्रजाती. तिच्यातील काही जाती, विशेषतः कँडिडा अल्बिकन्स, निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यांत आणि त्वचेवर वस्ती करून असतात. त्यांचा उपद्रव एरवी होत नाही, कारण शरीराने तीन पहारे बसवलेले असतात. त्वचा व आतड्याचे अस्तर ही अखंड भिंत, रक्तातील पांढऱ्या पेशी, आणि शेजारी राहणाऱ्या असंख्य निरुपद्रवी जिवाणूंची गर्दी. शिरेत नळी घातली की भिंतीला भोक पडते. कर्करोगावरील औषधांनी किंवा स्टेरॉइडने पेशी दुबळ्या होतात. दीर्घकाळ दिलेल्या प्रभावी प्रतिजैविकांनी शेजारचे जिवाणू मरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत यीस्ट हातपाय पसरते. अशा वेळी होणाऱ्या संसर्गाला संधिसाधू संसर्ग म्हणतात. दुकानाच्या गादीवर बसलेल्या धडधाकट माणसाला तो होत नाही. खाटेवर पडलेल्याला होतो.

ज्या यीस्टविषयी हा लेख आहे तिचे नाव कँडिडा ऑरिस. २००९ साली जपानी संशोधकांनी टोकियोतील एका रुग्णालयात दाखल असलेल्या ७० वर्षांच्या महिलेच्या कानातील स्रावात सापडलेल्या एका नव्या यीस्टचे वर्णन प्रसिद्ध केले. लॅटिन भाषेत ‘ऑरिस’ म्हणजे कानाचा. म्हणून हे नाव. पुढे असे दिसून आले की कान हा तिचा अगदी दुय्यम पत्ता आहे, परंतु नाव तेच राहिले. अलीकडे, २०२४ साली, शास्त्रज्ञांनी तिला कँडिडा प्रजातीतून काढून कँडिडोझायमा या नव्या प्रजातीत घातले आहे. रुग्णालयाच्या अहवालात यापुढे हे दुसरे नाव दिसले तर ती वेगळी व्याधी समजू नये.

२०११ मध्ये दक्षिण कोरियातील संशोधकांनी तीन रुग्णांच्या रक्तात ही यीस्ट आढळल्याचे कळवले. त्यांपैकी एक नमुना १९९६ सालापासून प्रयोगशाळेत जपून ठेवलेला होता. तेव्हा त्याची ओळख पटली नव्हती. आजवर सापडलेला हा सर्वांत जुना नमुना. यावरून एखाद्याला वाटेल की ही बुरशी पूर्वीपासून सर्वत्र होती, केवळ आपणच ती ओळखत नव्हतो. ही शंका तपासण्यासाठी २००४ ते २०१५ या काळात अनेक देशांतून गोळा केलेले कँडिडाचे १५ हजारांहून अधिक नमुने पुन्हा चाळण्यात आले. त्यांत ऑरिसचे केवळ चार नमुने निघाले आणि त्यांतील सर्वांत जुना २००९ चा होता. म्हणजे ती खरोखरच नवी पाहुणी होती.

यापुढची गोष्ट अधिक विस्मयकारक आहे. पाकिस्तान, भारत, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला येथील ५४ रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या देशांतील आणि जपानमधील नमुन्यांचा जनुकीय आराखडा वाचण्यात आला. एका प्रदेशातील नमुने परस्परांशी जवळजवळ तंतोतंत जुळत होते, परंतु दोन प्रदेशांतील नमुन्यांत हजारो जनुकीय फरक होते. दक्षिण आशियाई, पूर्व आशियाई, आफ्रिकी आणि दक्षिण अमेरिकी असे चार स्वतंत्र वंश स्पष्ट झाले. पुढे इराणमध्ये पाचवाही सापडला. याचा अर्थ असा की ही बुरशी एका देशात जन्मून विमानाने इतरत्र गेली नाही, तर पृथ्वीच्या निरनिराळ्या भागांत जवळजवळ एकाच वेळी माणसाच्या अंगावर आली. एकमेकींशी कोणताही व्यवहार नसलेल्या चार शाखांत एकाच सुमारास एकाच तऱ्हेची अफरातफर उघडकीस आली आणि चारही ठिकाणचे हस्ताक्षर वेगळे निघाले, तर तपासनीस संबंधित कारकुनांकडे न पाहता सर्व शाखांना समान असलेल्या एखाद्या नियमाकडे किंवा परिस्थितीकडे पाहू लागतो. शास्त्रज्ञांनीही तेच केले. त्याकडे आपण पुढे येऊ.

भारतातील प्रवेश

आपल्या देशातील पहिली नोंद दिल्लीची. दिल्ली विद्यापीठाच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील बुरशीतज्ज्ञ डॉ. अनुराधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीतील दोन रुग्णालयांत २००९ ते २०११ या काळात आढळलेल्या १२ रुग्णांची माहिती २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. सर्व नमुने जनुकीयदृष्ट्या एकसारखे होते; अर्थात रुग्णालयातच एकाकडून दुसऱ्याकडे संसर्ग पोहोचत होता.

याहून मोठे काम चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील डॉ. अरुणालोक चक्रवर्ती यांच्या नेतृत्वाखाली झाले. देशभरातील २७ अतिदक्षता विभागांत, तेथे दाखल झाल्यानंतर कँडिडाचा रक्तसंसर्ग झालेल्या १,४०० रुग्णांची नोंद २०११-१२ मध्ये घेण्यात आली. दाखल होणाऱ्या दर हजार रुग्णांमागे साधारण साडेसहा जणांना असा संसर्ग होत होता. ही संख्या पाश्चात्त्य देशांत नोंदवलेल्या प्रमाणापेक्षा बरीच अधिक आहे. या १,४०० पैकी ७४ रुग्णांमध्ये, म्हणजे सुमारे ५.३ टक्के रुग्णांमध्ये, कँडिडा ऑरिस निघाली. आणि २७ पैकी १९ विभागांत ती पोहोचलेली होती. पाच टक्के हा आकडा लहान वाटेल. परंतु दोन वर्षांपूर्वीच जिचे नामकरण झाले ती बुरशी तपासलेल्या विभागांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक ठिकाणी आधीच बसलेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचे वजन कळते.

त्या अभ्यासातील एक निष्कर्ष मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. कँडिडाच्या इतर जातींनी ग्रासलेल्या रुग्णांशी तुलना करता, ऑरिसचे रुग्ण अतिदक्षता विभागात दाखल होताना कमी गंभीर अवस्थेत होते. मात्र ते तेथे अधिक दिवस राहिले होते आणि त्यांतील अनेकांना आधीच बुरशीनाशक औषधे दिली गेली होती. मरणासन्न माणसालाच गाठणारा हा संसर्ग आहे, अशी जी समजूत होते ती यामुळे डळमळीत होते. मूळ आजारातून वाचण्याची आशा असलेला, परंतु रुग्णालयातील मुक्काम लांबलेला रुग्ण हेच तिचे मुख्य लक्ष्य आहे. म्हणूनच तिच्याविषयी जाणून घेण्यात व्यावहारिक अर्थ आहे.

२०१७ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने या बुरशीसंबंधी रुग्णालयांना सूचनापत्र काढले. तीन वर्षांनी करोनाची साथ आली. दिल्लीतील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात एप्रिल ते जुलै २०२० या चार महिन्यांत करोनाच्या १५ रुग्णांना कँडिडाचा रक्तसंसर्ग झाला. त्यांपैकी १० जणांत ऑरिस होती आणि त्या १० पैकी सहा जण दगावले. त्या वर्षांत काळ्या बुरशीचे नाव घरोघरी पोहोचले, कारण ती चेहऱ्यावर दिसत होती. ही दुसरी बुरशी डोळ्यांना दिसत नव्हती, म्हणून तिचे नाव फारसे कोणी घेतले नाही.

अमेरिकेतील आकडे देशव्यापी नोंदणीमुळे अधिक सलग मिळतात. तेथे २०२० मध्ये ७५६, २०२१ मध्ये १,४७१ आणि २०२२ मध्ये २,३७७ रुग्णांत प्रत्यक्ष आजाराच्या तपासणीतून ही यीस्ट निघाली. दोन वर्षांत तिपटीहून अधिक वाढ. एकूण लोकसंख्येच्या मानाने ही व्याधी अजूनही दुर्मीळच म्हणावी लागेल. परंतु ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रथमच धोकादायक बुरशींची जी यादी जाहीर केली, तीतील १९ नावांपैकी सर्वोच्च गटात बसवलेल्या चारांमध्ये कँडिडा ऑरिसचे नाव आहे.

लक्षणे कोणती

खरे पाहता या संसर्गाला स्वतःचे असे एकही लक्षण नाही, आणि तीच त्याची मोठी अडचण आहे. रक्तसंसर्ग झालेल्या रुग्णाला ताप येतो, थंडी वाजते, रक्तदाब उतरतो, नाडी जलद होते, वृद्ध माणूस ग्लानीत जातो. जिवाणूंच्या रक्तसंसर्गातही हेच घडते. म्हणून प्रथम प्रतिजैविके दिली जातात. तीन-चार दिवस प्रभावी प्रतिजैविक देऊनही ताप हटत नाही, तेव्हा अनुभवी डॉक्टरांच्या मनात बुरशीची शंका येते. काही अतिवृद्ध किंवा अतिशय दुर्बल रुग्णांना तर तापही येत नाही. केवळ प्रकृती घसरत जाते. रक्तातून ही यीस्ट हृदयाच्या झडपा, मूत्रपिंडे, डोळ्यांचा पडदा, हाडे, क्वचित मेंदूचे आवरण येथे जाऊन ठाण मांडू शकते. रक्तात कँडिडा सापडल्यावर डोळ्यांचे डॉक्टर तपासणीस येतात तेव्हा अनेक घरांना ते अनावश्यक वाटते. त्यामागील कारण हे आहे.

रक्ताखेरीज शस्त्रक्रियेच्या जखमेत, कानात आणि लघवीतही ती आढळते. लघवीच्या नळीत किंवा थुंकीत ती सापडली म्हणजे आजार झालाच असे नव्हे. येथे एक भेद नीट समजून घ्यावा लागतो. बुरशी अंगावर केवळ वस्तीला असणे वेगळे आणि तिने शरीरात शिरून आजार उत्पन्न करणे वेगळे. पहिल्या अवस्थेत काख, जांघ, नाकपुड्या अशा ठिकाणी ती राहते, रुग्णाला काहीही त्रास होत नाही आणि त्यावर बुरशीनाशक औषध देऊ नये असेच तज्ज्ञांचे मत आहे. औषधाने वस्ती उठत नाही, उलट बुरशी औषधाला सरावते. ही वस्ती महिनोन्‌महिने टिकते. अशा वस्तीवाल्यांपैकी थोड्यांनाच पुढे रक्तसंसर्ग होतो, परंतु शेजारच्या खाटेपर्यंत बुरशी पोहोचण्यास सर्वांचाच हातभार लागू शकतो.

कोणाला धोका अधिक? शिरेत घातलेली मोठी नळी, लघवीची नळी, श्वसनयंत्र, शिरेवाटे दिले जाणारे पोषण, नुकतीच झालेली मोठी शस्त्रक्रिया, दीर्घ प्रतिजैविके, मूत्रपिंडाचा विकार आणि मधुमेह. शेवटचा शब्द आपल्या वाचकांनी जरा थांबून वाचावा. बैठा व्यवसाय आणि मधुमेह यांची सोयरीक व्यापारी घरांत किती जुनी आहे हे निराळे सांगायला नको. वर उल्लेखिलेल्या ५४ रुग्णांच्या अभ्यासात रुग्णालयात दाखल झाल्यापासून संसर्ग उघड होईपर्यंतचा काळ सर्वसाधारणपणे १९ दिवसांचा होता आणि ५९ टक्के रुग्ण वाचू शकले नाहीत. हे सर्व मृत्यू बुरशीनेच झाले असे म्हणता येत नाही, कारण ही माणसे आधीच इतर कारणांनी अत्यवस्थ असतात. त्यांपैकी बुरशीचा हिस्सा किती, हा हिशेब कोणालाही चोख मांडता आलेला नाही.

प्रयोगशाळेतही ही बुरशी बराच काळ चकवत होती. साध्या तपासणी-यंत्रांच्या स्मृतीत तिचे नावच नव्हते, त्यामुळे ती कँडिडा हिम्युलोनी या दुसऱ्याच जातीच्या नावाने खतावली जाई. आता नेमक्या वजनावरून प्रथिने ओळखणारी माल्डी-टॉफ नावाची यंत्रे मोठ्या प्रयोगशाळांत आली आहेत आणि जुन्या यंत्रांच्या सूचीतही सुधारणा झाली आहे. लहान शहरातील रुग्णालयात ‘कँडिडा, जात निश्चित नाही’ असा अहवाल आला, तर नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवता येईल काय, असे विचारण्यात वावगे काही नाही.

थर्मामीटरची कथा

इतर कँडिडा बहुधा रुग्णाच्या स्वतःच्या आतड्यातून रक्तात उतरते. ऑरिसचा स्वभाव निराळा. ती बाहेरून येते. प्लास्टिकच्या पृष्ठभागावर ती दोन आठवडे जिवंत राहते. खाटेचा कठडा, औषधाच्या पंपाची बटणे, रक्तदाब मोजण्याचा पट्टा, खिडकीची चौकट अशा सर्व ठिकाणी ती सापडलेली आहे. फरशी पुसण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक नेहमीच्या जंतुनाशकांना ती दाद देत नाही. क्लोरीनयुक्त द्रावण किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड लागते.

इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे २०१५ ते २०१७ या काळात मेंदू-शल्यचिकित्सेच्या अतिदक्षता विभागात ही बुरशी एकामागून एक रुग्णांत निघू लागली. एकूण ७० रुग्ण झाले. त्यांपैकी सात जणांना खोलवरचा संसर्ग झाला. विभाग धुऊन काढला, रुग्णांना वेगळे ठेवले, तरी क्रम थांबेना. अखेर प्रत्येक रुग्णाच्या नोंदी समोर ठेवून तुलना केली, तेव्हा लक्षात आले की काखेत लावून ताप सतत मोजणारी, पुन्हा पुन्हा वापरली जाणारी उपकरणे ज्यांना लावली होती त्यांनाच प्रामुख्याने लागण झाली आहे. उपकरणे वापरातून काढली आणि लागण झपाट्याने उतरली. कागदपत्रांच्या धीराने केलेल्या तपासणीतून गुन्हेगार सापडला, हे वाचून माझ्यासारख्या जुन्या बँकवाल्याला समाधान वाटले तर वाचकांनी क्षमा करावी.

आपल्याकडेही याच्या कितीतरी आधी असा एक धडा मिळालेला आहे. १९९६ ते १९९८ या काळात चंदीगडच्या त्याच संस्थेत पिचिया अनॉमला या आणखी दुर्मीळ यीस्टचा उद्रेक झाला आणि ३७९ नवजात अर्भकांना व मुलांना तिचा रक्तसंसर्ग झाला. कर्मचाऱ्यांच्या हातांवर तीच यीस्ट सापडली. हात धुण्याविषयी मोहीम हाती घेतली, मुदतीपूर्वी जन्मलेल्या व धोक्यातील अर्भकांना निस्टॅटिन हे औषध दिले आणि उद्रेक थांबला.

निस्टॅटिनचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर. हे औषध १९५० मध्ये एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोन अमेरिकी महिला शास्त्रज्ञांनी शोधले. न्यूयॉर्क राज्याच्या सेवेत असताना शोध लागला म्हणून औषधाला राज्याचे नाव दिले. एकस्वातून मिळालेली १ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक रक्कम दोघींनी स्वतः न घेता वैज्ञानिक संशोधनासाठी न्यासाकडे वळवली. आणि आपल्या पुण्याजवळ पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात डॉ. थिरुमलाचार यांच्या चमूने १९६० च्या दशकाच्या आरंभी मातीतील सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक काढले. त्या सूक्ष्मजीवाच्या नावात ‘पिंप्रिना’ हा शब्द आजही आहे. त्याच कारखान्यातील ऑरिओफंगिन हे दुसरे औषध पिकांवरील बुरशीसाठी वापरले गेले. पिंपरीवरून जाताना त्या कारखान्याकडे किती जण या दृष्टीने पाहत असतील?

विषयांतर थांबवून आजच्या औषधांकडे येतो. शरीराच्या आत खोलवर गेलेल्या कँडिडावर मुख्यतः तीनच वर्गांची औषधे आहेत. फ्लुकोनाझोलचा वर्ग, अँफोटेरिसिन बी, आणि इकायनोकॅन्डिन नावाचा तुलनेने नवा वर्ग. जिवाणूंविरुद्धच्या औषधांची संख्या पाहता ही कोठी फारच रिकामी आहे, कारण बुरशीची पेशी रचनेने आपल्या पेशीच्या जवळची आहे. एकीला मारणारे दुसरीलाही बाधते. ५४ रुग्णांच्या त्या अभ्यासात ९३ टक्के नमुने फ्लुकोनाझोलला, ३५ टक्के अँफोटेरिसिनला आणि ७ टक्के इकायनोकॅन्डिनला दाद देत नव्हते. ४ टक्के नमुने तिन्ही वर्गांना. भारतातील २७ विभागांच्या अभ्यासात फ्लुकोनाझोलचा प्रतिरोध ५८ टक्के होता. प्रौढ रुग्णाला आज प्रथम इकायनोकॅन्डिन देतात. अगदी लहान अर्भकांना अँफोटेरिसिन देण्याचा प्रघात आहे. त्याबरोबर शिरेतील नळी शक्य तितक्या लवकर काढणे हाही उपचाराचाच भाग आहे.

ही आली कोठून?

बहुतेक बुरशी सस्तन प्राण्यांच्या अंगात जगू शकत नाहीत, कारण आपले रक्त त्यांना फार उष्ण पडते. ३० अंश सेल्सिअसपुढे तापमान एकेक अंशाने वाढत गेले की सुमारे ६ टक्के बुरशी बाद होत जातात, असे एका अभ्यासात दिसून आले आहे. ऑरिस मात्र ४२ अंशांनाही वाढते आणि खारट माध्यमही सोसते. पृथ्वी तापत असताना काही बुरशी अधिक उष्णतेला सरावल्या आणि त्यांतील एकीने आपल्या देहाची ही जुनी तटबंदी ओलांडली, असा तर्क अमेरिकेतील डॉ. आर्तुरो कॅसाडेव्हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मांडला. हा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. परंतु २०२१ मध्ये डॉ. चौधरी यांच्या चमूने अंदमान बेटांवरील खाऱ्या दलदलीतून आणि समुद्रकिनाऱ्याच्या वाळूतून ही बुरशी वेगळी काढली, तेव्हा त्या तर्काला बळ मिळाले. रुग्णालयाबाहेर निसर्गात ती सापडल्याची ती पहिली वेळ. माणसांचा वावर नसलेल्या दलदलीतील एक नमुना औषधांना बळी पडणारा आणि उष्णतेत मंद वाढणारा होता. जणू रुग्णालयाचे पाणी अजून न लागलेला.

पुढच्या वर्षी याच चमूचा आणखी एक अभ्यास आला आणि तो फळांच्या व्यापाराशी संबंध असणाऱ्या वाचकांनी अवश्य लक्षात घ्यावा. उत्तर भारतातील ६२ सफरचंदे तपासली असता आठांच्या सालीवर कँडिडा ऑरिस निघाली. ती सर्व साठवणुकीतील सफरचंदे होती. बागेतून थेट तोडलेल्या फळांवर ती सापडली नाही. साठवलेल्या फळांवर बुरशीनाशकांचे अंशही होते आणि त्यांतील काही रसायने फ्लुकोनाझोलच्याच जातकुळीची आहेत. फळ टिकावे म्हणून मारलेल्या औषधाला टिकून राहणारी यीस्टच साठवणुकीत शिल्लक उरत असेल, अशी शक्यता संशोधकांनी वर्तवली आहे. सफरचंद खाऊन कोणाला हा संसर्ग झाल्याचा पुरावा नाही; फळे सोडण्याचे कारण नाही. परंतु शीतगृह चालवणाऱ्याने कोणते रसायन, किती मात्रेत आणि कितीदा वापरले जाते याची नोंद ठेवावी, अशी अपेक्षा करणे गैर होणार नाही. औषधविक्रीत असलेल्या घरांना तर मी अधिक आग्रहाने सांगेन. चिठ्ठीशिवाय फ्लुकोनाझोल आणि उच्च प्रतीची प्रतिजैविके देऊन होणारा गल्ल्यातील लाभ अगदी किरकोळ असतो, आणि त्याची किंमत ज्या खाटेवर मोजली जाते ती खाट कोणाच्याही घरातील माणसाची असू शकते.

घरातील माणूस अतिदक्षता विभागात असेल तर नातेवाइकांच्या हाती काय आहे? फार थोडे, पण ते थोडे मोलाचे आहे. भेटीस एका वेळी एकच जण जावा. आपल्याकडे सहानुभूती दाखवण्यास दहा जण येतात आणि दहाही जण रुग्णाच्या कपाळावरून हात फिरवतात. आत जाताना आणि बाहेर येताना अल्कोहोलच्या द्रावणाने हात चोळावेत. हे द्रावण या बुरशीवर परिणामकारक आहे. शेजारच्या रुग्णाच्या कठड्याला हात लावू नये. आणि दररोज न चुकता, नम्रतेने, डॉक्टरांना विचारावे की शिरेतील व लघवीची नळी आज काढता येईल काय? प्रश्न साधा आहे. मात्र तो विचारला गेला की निर्णय उद्यावर ढकलला जात नाही. मोठ्या प्रतिजैविकासाठी आपण स्वतः आग्रह धरू नये. रुग्ण दुसऱ्या रुग्णालयात हलवायचा असेल तर बुरशीची नोंद सोबतच्या कागदांत आहे ना ते पाहावे.

शेवटी अशा घराविषयी, जेथे वडीलधारी व्यक्ती बरी होऊन परतली आहे, परंतु तिच्या त्वचेवर ही बुरशी अद्याप वस्तीला असल्याचा अहवाल हाती आहे. अशा वेळी आजोबांचे ताट-वाटी वेगळी करणे, नातवंडांना त्यांच्या खोलीत जाऊ न देणे, सुनेने त्यांच्या कपड्यांना हात लावण्यास कचरणे असे प्रकार घडतात. त्याची गरज नाही. निरोगी माणसांना, मुलांनाही, यापासून आजार होण्याचा संभव फारच कमी आहे. कपडे व चादरी नेहमीच्या साबणाने धुऊन उन्हात वाळवाव्यात. जखमेची पट्टी बदलताना किंवा लघवीची पिशवी रिकामी करताना हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात स्वच्छ धुवावेत. घरातच दुसरे कोणी कर्करोगाचे उपचार घेत असेल किंवा अंगात नळी बाळगून असेल, तर तेवढ्या व्यक्तीपुरती डॉक्टरांचा सल्ला घेऊन स्वतंत्र व्यवस्था करावी. आणि आजोबांच्या फाइलच्या पहिल्याच पानावर, मधुमेह व रक्तदाबाच्या नोंदीखाली, कँडिडा ऑरिस हे नाव आणि अहवालाची तारीख ठळक अक्षरांत लिहून ठेवावी, म्हणजे पुढे कधी रुग्णालयात जावे लागले तर दाखल करून घेणाऱ्या परिचारिकेला ते पहिल्या मिनिटात दिसेल आणि खाट कोणत्या खोलीत द्यायची ते ठरवता येईल.